ख्रिस्ती मतचिकित्सा, अहमदनगर जिल्ह्यातील

ख्रिस्ती धर्ममते व आचार, विशेषतः बाप्तिस्म्याची आवश्यकता, यांविषयी मराठी ख्रिस्ती समाजात उपस्थित झालेली चिकित्सा. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे केंद्र स्थापिले. १८४२ मध्ये तेथूनच ज्ञानोदय हे नियतकालिक निघाले. हिंदू धर्ममतांचे खंडन हा त्याचा एक प्रमुख विषय होता. ख्रिस्ती व्यवस्थेस आतून प्रश्न विचारले, ते मुख्यतः कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांचे बरेचसे आयुष्य नगर येथे गेले. ख्रिस्ताविषयी त्यांना शंका नव्हती. परंतु पाश्चात्त्य चर्चव्यवस्था हे ख्रिस्तभक्तीचे अपरिहार्य अंग आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तो खुला होता. टिळकांच्या निधनानंतर दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची पदे मात्र मराठी चर्चमध्ये अद्यापि गायिली जातात. ज्या संस्थेची त्यांनी चिकित्सा केली, तिच्याच उपासनेत त्यांची वाणी टिकून राहिली.