गृहसंगणकांचे कवच : जीर्णोद्धाराचा एक प्रश्न

तेर येथील त्रिविक्रम मंदिराचे गर्भगृह गजपृष्ठाकार असून ते विटांनी बांधलेले आहे. त्याच्या पुढील सपाट छताचा मंडप हा मागाहून जोडलेला भाग होय. मूळ वास्तू बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक विद्वानांचे मत आहे. आज तेथे त्रिविक्रमाची पूजा होते. मूळ रूप प्रकट करावे या हेतूने उद्या कोणी मंडप उतरविला, तर एका काळाचा इतिहास उजळण्यासाठी दुसऱ्या काळाचा इतिहास पुसला जाईल. शिवाय, वास्तू वापरात राहिली, तिच्यात फेरफार होत गेले, म्हणूनच ती टिकली, हेही विसरून चालणार नाही. धाराशिव जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास हा पेच परिचयाचा आहे. तोच पेच आता अगदी अलीकडच्या आणि वरवर पाहता क्षुल्लक अशा वस्तूंच्या बाबतीत उभा राहिला आहे. त्या वस्तू म्हणजे इ. स. १९८० नंतरच्या दशकातील गृहसंगणक.

या यंत्रांत कळफलक आणि विद्युत्‌मंडल ही दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पेटीत बसविलेली असत. दर्शक म्हणून घरचा दूरदर्शन संच जोडला की काम भागे. यंत्राचे व्यक्तित्व, असे म्हणावयाचे तर, त्या पेटीतच होते. इंग्लंडमध्ये १९८२ च्या एप्रिल महिन्यात विक्रीस आलेल्या सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची काळी पेटी रिक डिकिन्सन यांनी आखली, तर एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोची फिकट पिवळसर पेटी ॲलन बूथरॉइड यांनी. या दोन्ही यंत्रांशी भारताचा निकटचा संबंध आला. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेचा 'क्लास' हा उपक्रम २५० शाळांत सुरू केला, तो बीबीसी मायक्रो घेऊन. पुढे मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्याने तेच यंत्र 'युनिकॉर्न' या नावाने काढले. होप कॉम्प्युटर्स या कंपनीने त्याची प्रतिकृती 'डॉल्फिन' नावाने बाजारात आणली. मूळ यंत्रातील तांबूस-नारिंगी कळांच्या जागी तिच्यात निळ्या कळा होत्या. स्पेक्ट्रम प्लसची परवान्याने केलेली भारतीय आवृत्ती डेसिबेल्स या कंपनीने १९८६ मध्ये विक्रीस काढली, आणि १९९० च्या सुमारास तिची बाजारपेठ ओसरली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. परवान्याने बनविलेल्या अशा यंत्राचे अंतरंग इंग्लंडमधील मूळ यंत्राचेच असते. त्याचे भारतीयत्व दिसते ते कवचावरील नावाच्या पट्टीत, कळांच्या रंगात, तळाच्या चिकटपट्टीत. अंतरंग दुरुस्त करणारा तंत्रज्ञ कवचाला टरफल समजतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्या टरफलावाचून गत्यंतर नाही.

जुन्या यंत्रांची कवचे पूर्ववत करणे आणि आपल्या आवडीप्रमाणे ती बदलणे या दोन्ही गोष्टी गेल्या काही वर्षांत हौशी संग्राहकांत पुष्कळ वाढल्या आहेत. कवचात बदल करणे म्हणजे मूळ वस्तू भ्रष्ट करणे, असा आक्षेप सामान्यतः घेतला जातो. तो पूर्णतः ग्राह्य नाही. स्पेक्ट्रमच्या रबरी कळांविषयी तक्रारी वाढल्यावर १९८४ मध्ये सिंक्लेअर कंपनीने कठीण कळांचा स्पेक्ट्रम प्लस काढला, आणि त्याच वेळी जुने मंडल नव्या पेटीत बसविण्यासाठी लागणारे साहित्यही ग्राहकांना विकले. म्हणजे कवच बदलणे हा या यंत्रांच्या पहिल्याच आयुष्याचा भाग होता. बाहेरून प्लस आणि आतून १९८२-८३ चे मंडल, असे यंत्र सापडले तर ते बनावट ठरत नाही. एका ग्राहकाने आपल्या यंत्राचे आयुष्य कसे वाढविले, याचा तो पुरावा ठरतो. कमोडोर ६४ सी या यंत्राचे मूळ साचे अमेरिकेत एका संग्राहकाच्या हाती लागले आणि २०१५ च्या सुमारास त्यांतून लाल, निळी, पारदर्शक अशी नवी कवचे काढण्यात आली. या कवचांचा साचा अस्सल आहे आणि वस्तू नवी आहे. त्यांना कोणत्या वर्गात घालावे, हे संग्रहालयशास्त्राने अजून ठरवावयाचे आहे.

पिवळेपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. या पेट्या बहुधा एबीएस नामक प्लास्टिकच्या असत. प्रकाश, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांच्या योगाने हे प्लास्टिक कालांतराने पिवळे, क्वचित तपकिरी पडते. त्यात मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांनाही याबद्दल जबाबदार धरले जाते. काळ्या स्पेक्ट्रमवर हा बदल दिसत नाही. बीबीसी मायक्रोवर तो डोळ्यांत भरतो. २००८ साली जर्मनीतील एका संगणक-संग्रहालयात हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भाग बुडवून ठेवले असता पिवळेपणा ओसरतो, असे आढळले, आणि लवकरच हौशी मंडळींनी त्यावरून 'रेट्रोब्राइट' ही प्रक्रिया सिद्ध केली. केशरंजनासाठी विकले जाणारे पेरॉक्साइडचे मलम लावून भाग उन्हात ठेवावयाचा, इतकी ती सोपी आहे; आणि उन्हाची उणीव मराठवाड्यात तरी भासणार नाही. तथापि मलम असमान लागले तर पांढरे डाग पडतात, आणि उजळलेला भाग काही वर्षांनी पुन्हा पिवळा पडल्याची उदाहरणे आहेत. मोडलेले खिळे, तडे इत्यादी मात्र त्याच जातीचे प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळवून उत्तम रीतीने सांधता येतात. स्पेक्ट्रमच्या बाबतीत तर पेटी उघडणे हेच धाडस असते. कळफलकाच्या पडद्याच्या पातळ पट्ट्या ठिसूळ झालेल्या असतात आणि झाकण उचलताच त्या तुटतात.

पिवळेपणा हा निव्वळ दोष नव्हे. झाकणावर दर्शक ठेवलेला असे तेथे प्लास्टिक फिकट राहते. यंत्राची एक बाजू अधिक काळवंडली असेल तर खिडकी कोणीकडे होती, हे कळते. ही नोंद कोणी लिहून ठेवलेली नसते. परंतु याहूनही महत्त्वाची अशी एक नोंद आपल्याकडील यंत्रांवर असते, आणि जीर्णोद्धारात प्रथम बळी पडते ती तीच. सरकारी कार्यालये आणि अनुदानित शाळा यांतून प्रत्येक टिकाऊ वस्तूची जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते आणि तो क्रमांक तेलरंगाने वस्तूवर घातला जातो. बाके, कपाटे, घड्याळे यांच्याप्रमाणेच संगणकाच्या पेटीवरही तो ओबडधोबड पांढऱ्या वा काळ्या अक्षरांत रंगविलेला आढळतो. संग्राहकाच्या दृष्टीने तो डाग असतो. स्पिरिटचा बोळा फिरवला की तो जातो, आणि त्याबरोबर यंत्र कोणत्या शाळेत, कोणत्या साली, कोणत्या योजनेतून, किती किमतीला आले, हे सांगू शकणारा एकमेव दुवाही जातो. वस्तूचे निर्लेखन होऊन ती भंगारात गेली तरी नोंदवही दप्तरात राहण्याची शक्यता असते. क्रमांक पुसलेले यंत्र आणि यंत्रावाचूनची नोंदवही या दोहोंचा मेळ मग कशानेही घालता येत नाही.

या बाबतीत जिल्ह्यातीलच एक अनुभव उद्बोधक आहे. तेर हे प्राचीन तगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. तेथील मृण्मूर्ती, मणी, नाणी, शंखाच्या वस्तू, आणि पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या पुतळीशी साम्य दाखविणारी प्रसिद्ध हस्तिदंती बाहुली हे सारे जतन झाले ते रामलिंगप्पा लामतुरे यांच्या खाजगी छंदामुळे. त्यांच्याच नावाचे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आज तेर येथे आहे. संस्थांनी उचलण्यापूर्वी एका गृहस्थाने ते उचलले. गृहसंगणकांच्या बाबतीतही हौशी मंडळीच पुढे आहेत, आणि त्यांची थट्टा करण्याचा अधिकार विद्यापीठांना पोचत नाही. परंतु पांढरीवरून वेचलेल्या वस्तूला स्तर नसतो. तेरच्या वस्तूंना स्तराची चौकट मिळू लागली ती १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केल्यावर. संगणकाच्या पेटीवर तेलरंगाने घातलेला क्रमांक हाच त्या वस्तूचा स्तर आहे, आणि तो शोधण्यासाठी कुदळ लागत नाही.

तेव्हा शाळेच्या माळ्यावरून निघालेल्या यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याची सर्व अंगांनी छायाचित्रे घेणे, रंगविलेला क्रमांक, चिकटपट्ट्या आणि दुरुस्तीच्या खुणा उतरवून काढणे, आणि त्या शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीतील संबंधित पान मिळविणे, इतके तरी अवश्य व्हावे. पेटी उजळावयाचीच झाली, तर वरचे झाकण उजळावे आणि तळाचा भाग, त्याच्या पिवळेपणासह व अक्षरांसह, तसाच ठेवावा. प्रदर्शनात तो दिसत नाही. अभ्यासकाला मात्र यंत्र उलटे करून पाहता येते.