मेरुरज्जू-संनिरीक्षण, शस्त्रक्रियाकालीन
पृष्ठवंशावरील शस्त्रक्रिया चालू असताना, भूल दिलेल्या रुग्णाच्या मेरुरज्जूचे व तंत्रिकांचे कार्य तपासत राहण्याची पद्धती. शुद्धीवर असलेला रुग्ण पाय बधिर झाल्याचे सांगू शकतो. भुलीच्या अंमलाखाली ही सूचना मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत पद्धती विकसित झाली.

पृष्ठवंशाची वक्रता धातूच्या दांड्याने सरळ करण्याची पॉल हॅरिंग्टन या अमेरिकन शल्यचिकित्सकांची पद्धती १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मेरुरज्जू ताणला जाऊन अथवा त्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन क्वचित पाय कायमचे लुळे पडत. फ्रान्समधील व्होझेल, स्तान्यारा व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये जागृती-परीक्षेचे वर्णन केले. दांडा बसविल्यावर भूल हलकी करून रुग्णास प्रथम हात व नंतर पाय हलविण्यास सांगतात. हात हलले पण पाय हलले नाहीत, तर दांड्याचा ताण तत्काळ कमी करतात. ही परीक्षा साधी व विश्वसनीय असली, तरी ती त्या क्षणापुरतीच स्थिती दाखविते.

अखंड संनिरीक्षणाचा पाया जॉर्ज डॉसन यांनी लंडन येथे घातला. तंत्रिका उद्दीपित केल्यावर मेंदूत उमटणारे क्षीण विद्युत् प्रतिसाद टाळूवरून नोंदविता येतात, हे त्यांनी १९४७ मध्ये दाखविले. १९७० नंतरच्या दशकात हे तंत्र शस्त्रक्रियागृहात आले. घोट्याजवळील तंत्रिकेस विद्युत् स्पंद देऊन मिळणाऱ्या प्रतिसादाचा परमप्रसर ५० टक्क्यांनी घटणे किंवा त्यास लागणारा काळ १० टक्क्यांनी वाढणे, ही सामान्यतः धोक्याची खूण मानतात.

हे प्रतिसाद मुख्यत्वे मेरुरज्जूच्या पश्च स्तंभांतून जातात. हालचालींचे मार्ग मात्र पार्श्व व अग्र भागांत असतात. त्यामुळे प्रतिसाद अबाधित राहूनही रुग्णास पक्षाघात झाल्याची उदाहरणे १९८६ मध्ये नोंदविली गेली. मर्टन व मॉर्टन यांनी १९८० मध्ये टाळूवरून विद्युत् स्पंद देऊन स्नायूंचे आकुंचन घडवून आणले होते. त्यातून प्रेरक प्रतिसादांच्या नोंदीचे तंत्र पुढे आले. बाष्परूप शुद्धिहारके हे प्रतिसाद दडपतात व स्नायुशिथिलक औषधांनी ते नाहीसे होतात. म्हणून प्रोपोफॉलसारखी औषधे शिरेतून देऊन भूल राखणे श्रेयस्कर ठरते.

धोक्याची सूचना मिळताच रक्तदाब वाढविणे, ताण सैल करणे, विद्युत् अग्रे तपासणे आणि गरजेनुसार जागृती-परीक्षा घेणे, हे उपाय योजतात. अमेरिकेतील ५१,००० हून अधिक शस्त्रक्रियांच्या १९९५ मधील पाहणीत, अनुभवी संनिरीक्षकांच्या गटांत तंत्रिकाहानीचे प्रमाण अननुभवी गटांच्या निम्म्याहून कमी आढळले. यंत्राची नोंद अचूक असून भागत नाही. तिचा अर्थ वेळीच उमजणे रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.