फ्री मेमरीचा आकडा कसा वाचायचा?

उन्हाळ्यात ‘उजनी उणे ३० टक्के’ अशी बातमी आली म्हणून धरण कोरडं पडलं, असं इंदापुरात कुणी समजत नाही. शून्याच्या खालीही सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा असतो. आकडा कशाचा आहे, ते आधी माहीत असावं लागतं.

हे मला बारामतीत बसून लॅबचा अडकलेला पोस्टग्रेस सर्व्हर तपासताना आठवायला हवं होतं. ‘फ्री’ रकान्यात जेमतेम २०० एमबी दिसले आणि मी लगेच ‘रॅम वाढवा’ असा मेल टाकला. पण लिनक्स मोकळी रॅम फायलींच्या कॅशला वापरतं आणि गरज पडली की बरीचशी सोडतं. सगळी नाही हं! पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्सही कॅशमध्येच मोजले जातात, ते असे सुटत नाहीत. हा घोळ इतका जुना की २०१४ मध्ये कर्नल ३.१४ मध्ये ‘मेमअव्हेलेबल’ ही वेगळी नोंद आली. तुम्ही ‘अव्हेलेबल’ रकाना बघा.

मेमरी खरंच कमी पडते तेव्हा काय होतं, हे पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. चालू कामांना लागणारी पेजेस रॅममध्ये मावली नाहीत, की मशीनचा वेळ ती आत-बाहेर करण्यातच जातो. हेच थ्रॅशिंग. म्हणून ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ बघा. स्वॅपमध्ये नुसतं पडून असलेलं फारसं नडत नाही, सतत हलणारं नडतं.

आमच्याकडे दोन्ही शून्य होते. एक ट्रान्झॅक्शन सकाळपासून लॉक धरून बसलं होतं. मीच उघडं ठेवलेलं.