बीटल्स

बीटल्स : विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जगभर गाजलेला इंग्लंडमधील रॉक संगीताचा चौघांचा वृंद. जॉन लेनन (९ ऑक्टोबर १९४०–८ डिसेंबर १९८०), पॉल मॅकार्टनी (१८ जून १९४२–   ), जॉर्ज हॅरिसन (२५ फेब्रुवारी १९४३–२९ नोव्हेंबर २००१) आणि रिंगो स्टार (मूळ नाव रिचर्ड स्टार्की, ७ जुलै १९४०–   ) हे त्याचे सदस्य होत. वृंदाने बीटल्स हे नाव १९६० मध्ये धारण केले व १९७० मध्ये तो विसर्जित झाला. त्याच्या ध्वनिमुद्रणांचा काळ तर जेमतेम आठ वर्षांचाच आहे. तथापि या अल्प काळात लोकप्रिय संगीताची रचना, ध्वनिमुद्रणाची पद्धती, गायकाचे समाजातील स्थान आणि तरुण पिढीची जीवनदृष्टी या सर्वांवर त्याचा दूरगामी परिणाम घडून आला.

पूर्वपीठिका : चौघेही लिव्हरपूलचे. अटलांटिकपार जहाजांची सतत ये-जा असलेल्या या बंदराच्या शहरात अमेरिकन ध्वनिमुद्रिकांविषयी तरुणांना मोठे आकर्षण होते. १९५५ नंतर इंग्लंडमध्ये ‘स्किफल’ या, स्वस्त गिटार व घरगुती साधने यांवर वाजविता येण्याजोग्या संगीतप्रकाराची लाट आली. तिच्या प्रभावाखाली लेननने १९५६ मध्ये आपल्या शाळासोबत्यांचा ‘क्वॉरीमेन’ हा वृंद काढला. ६ जुलै १९५७ रोजी वुल्टन येथील चर्चच्या जत्रेत त्याची मॅकार्टनीशी गाठ पडली. १९५८ मध्ये हॅरिसन त्यांना येऊन मिळाला. चक बेरी, लिटल रिचर्ड, बडी हॉली, एल्व्हिस प्रेस्ली आणि एव्हर्ली बंधू हे त्यांचे आदर्श होते. यांपैकी कुणालाही संगीताचे रीतसर शिक्षण मिळालेले नव्हते. ते स्वरलिपी वाचीत नसत. ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा ऐकून उचललेले ज्ञान हीच त्यांची शिदोरी होती.

१९६० ते १९६२ या काळात पश्चिम जर्मनीतील हँबर्गच्या क्लबांत त्यांना वारंवार काम मिळाले. तेथे रात्री कित्येक तास अखंड वाजवावे लागे. या कष्टप्रद उमेदवारीतून त्यांचा गीतसंग्रह वाढला, परस्परांच्या सुरांशी व लयीशी मेळ बसला आणि श्रोत्यांना धरून ठेवण्याची हातोटी साधली. लिव्हरपूलमधील ‘कॅव्हर्न’ क्लबातही त्यांचे शेकडो कार्यक्रम झाले. ब्रायन एप्स्टाइन (१९३४–६७) हा १९६२ च्या सुमारास त्यांचा व्यवस्थापक झाला. प्रारंभी त्यांना नकार पचवावा लागला. तथापि ‘ई एम आय’ कंपनीच्या ‘पार्लोफोन’ शाखेचा निर्माता जॉर्ज मार्टिन (१९२६–२०१६) याने त्यांना संधी दिली. त्याच वर्षी ढोलवादक पीट बेस्टच्या जागी रिंगो स्टार आला.

उदय : ‘लव्ह मी डू’ ही पहिली ध्वनिमुद्रिका ५ ऑक्टोबर १९६२ रोजी प्रसिद्ध झाली. ‘प्लीज प्लीज मी’ (१९६३) या पहिल्या दीर्घध्वनिमुद्रिकेतील दहा गीते ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाली होती. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कमधील ‘एड सलिव्हन शो’ या दूरचित्रवाणी-कार्यक्रमातील त्यांचे गायन सु. ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी पाहिले. ४ एप्रिल १९६४ च्या आठवड्यात ‘बिलबोर्ड’च्या अमेरिकन क्रमवारीतील पहिली पाचही स्थाने एकट्या बीटल्सच्या गीतांनी व्यापली. तोवर लोकप्रिय संगीताचा ओघ अमेरिकेकडून इंग्लंडकडे वाहत होता. तो प्रथमच उलटला. न्यूयॉर्कच्या शे क्रीडागारात १५ ऑगस्ट १९६५ रोजी पंचावन्न हजारांवर श्रोते जमले होते. परंतु त्यांच्या कल्लोळात वादकांना स्वतःचेच वादन धड ऐकू येईना. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे झालेल्या कार्यक्रमानंतर त्यांनी जाहीर दौरे कायमचे थांबविले.

सांगीतिक वैशिष्ट्ये : त्या काळी गीतकार, संगीतकार व गायक यांची कामे बहुधा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असत आणि गायकाने निर्मात्याने निवडलेली गीते गावीत, असा रिवाज होता. लेनन-मॅकार्टनी या जोडीच्या स्वतंत्र रचनांनी हा रिवाज मोडला. वृंदाने स्वतःची गीते स्वतः रचावीत, ही अपेक्षा त्यानंतर रूढ झाली. त्यांच्या चाली प्रथमश्रवणी सोप्या वाटल्या, तरी त्यांतील अनपेक्षित स्वरसंवाद, तीन आवाजांचा मेळ व विषम लांबीची चरणरचना जाणकारांच्या ध्यानात आली. लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकाचा संगीतसमीक्षक विल्यम मान याने डिसेंबर १९६३ मध्येच त्यांच्या रचनांचे गंभीरपणे विश्लेषण केले होते.

‘रबर सोल’ (१९६५) व ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) या दीर्घध्वनिमुद्रिकांपासून त्यांच्या गीतांचे विषय प्रेमाच्या ठराविक चाकोरीबाहेर गेले. एकाकीपण, बालपणाच्या आठवणी, मृत्यू व अंतर्मनाचे अनुभव त्यांत येऊ लागले. ‘यस्टर्डे’ (१९६५) या गीताला तंतुवाद्यांच्या चौकडीची साथ आहे, तर ‘एलिनॉर रिग्बी’ (१९६६) मध्ये गिटार व ढोल यांना पूर्णपणे फाटा देऊन आठ तंतुवाद्यांचाच उपयोग केला आहे. अशा योजनांमागे मार्टिनचे अभिजात संगीताचे शिक्षण होते.

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. पूर्वी ध्वनिमुद्रण म्हणजे प्रत्यक्ष गायनवादनाची नोंद, एवढाच अर्थ होता. बीटल्सनी ध्वनिमुद्रणगृहाचाच वाद्याप्रमाणे उपयोग केला. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ (१९६६) मध्ये फितीची टोके जोडून केलेली वलये वाजविली आहेत. अन्यत्र गिटारवादन उलट फिरविले आहे. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ (१९६७) मध्ये निरनिराळ्या पट्टीची व लयीची दोन मुद्रणे फितीची गती बदलून एकमेकांना जोडली आहेत. ही सर्व किमया अवघ्या चार पट्ट्यांच्या यंत्रावर साधली आहे. ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्‌स क्लब बँड’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेतील अखेरच्या गीतासाठी चाळीस वादकांचा वाद्यवृंद योजण्यात आला. तिच्या वेष्टनावर गीतांचे शब्द छापलेले होते व मुखपृष्ठ पीटर ब्लेक आणि जॅन हावर्थ या कलावंतांनी केले होते. सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचे ‘ग्रॅमी’ पारितोषिक मिळविणारी ती पहिली रॉक ध्वनिमुद्रिका होय. सुट्या गीतांच्या संग्रहाऐवजी एकसंध कलाकृती, ही दीर्घध्वनिमुद्रिकेची कल्पना तिच्यामुळे दृढ झाली.

भारतीय संगीताशी संबंध : ‘नॉर्वेजियन वुड’ (१९६५) या गीतात हॅरिसनने प्रथम सतार वाजविली. या गीताच्या मुखड्याची स्वररचना खमाज थाटाशी जुळणारी आहे. ‘लव्ह यू टू’ (१९६६) मध्ये अनिल भागवत यांची तबल्याची साथ असून ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्यांचा नामनिर्देशही आढळतो. १९६६ च्या जूनमध्ये हॅरिसनची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली व त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तो त्यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आला. ‘विदिन यू विदाउट यू’ (१९६७) मध्ये दिलरुबा, स्वरमंडळ, तंबोरा व तबला यांच्या जोडीला पाश्चात्त्य तंतुवाद्ये आहेत. दिलरुब्याची मींड त्या वाद्यांवर उतरविण्याचा प्रयत्न मार्टिनने केला. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसनने मुंबईच्या ‘एच एम व्ही’ ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांकडून ‘वंडरवॉल म्यूझिक’ या ध्वनिमुद्रिकेचा काही भाग मुद्रित करून घेतला. त्यांत संतूरवादक शिवकुमार शर्मा हेही होते. ‘द इनर लाइट’ (१९६८) या गीताची पार्श्वभूमीही तेथेच तयार झाली.

१९६८ च्या प्रारंभी चौघेही महर्षी महेश योगी यांच्या ऋषीकेश येथील आश्रमात राहिले होते. तेथे त्यांनी पुष्कळ गीते रचली. त्यांपैकी अनेक त्याच वर्षाच्या दुहेरी ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट झाली. या सर्वांमुळे पश्चिमेत भारतीय संगीत व ध्यानसाधना यांविषयी अभूतपूर्व कुतूहल निर्माण झाले. परंतु त्याची दुसरी बाजूही होती. रागसंगीताची मादक द्रव्यांशी व हिप्पी जीवनपद्धतीशी सांगड घातली जाणे रविशंकरांना अमान्य होते व ती नापसंती त्यांनी वेळोवेळी व्यक्त केली. सतार हे अनेक वृंदांच्या बाबतीत क्षणिक नवलाईचे साधनच ठरले. हॅरिसनचे नाते मात्र आयुष्यभर टिकले. १ ऑगस्ट १९७१ रोजी त्याने रविशंकरांच्या विनंतीवरून न्यूयॉर्क येथे बांगला देशातील निर्वासितांच्या साहाय्यार्थ कार्यक्रम घडवून आणला. पुढील काळातील मोठ्या मदतनिधी-मैफलींचा तो आदर्श ठरला.

सामाजिक प्रभाव : लांब केस, लिव्हरपूलची बोली व अधिकाऱ्यांसमोरही न सुटणारा विनोद यांमुळे इंग्लंडच्या वर्गबद्ध समाजात त्यांचे यश लक्षणीय ठरले. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे गोरे व काळे श्रोते वेगळे बसविल्यास आपण गाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले व तो कार्यक्रम मिश्र श्रोतृवर्गासमोर झाला. १९६६ मध्ये लेननने ख्रिस्ताच्या तुलनेने आपल्या लोकप्रियतेविषयी काढलेल्या उद्गारांमुळे अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची होळी करण्यात आली. साम्यवादी राष्ट्रांत त्यांचे संगीत दीर्घकाळ संशयास्पद मानले जाई. लेननच्या हत्येनंतर प्राग येथील एक भिंत तरुणांच्या निषेधाचे ठिकाण बनली. तर २००० मध्ये हॅव्हाना येथे लेननच्या पुतळ्याचे अनावरण फिडेल कास्ट्रोच्या हस्ते झाले.

भारतातील मोठ्या शहरांतही १९६५ च्या सुमारास गिटारवादक तरुणांचे वृंद उभे राहिले. शंकर-जयकिशन यांनी ‘जानवर’ (१९६५) या हिंदी चित्रपटात बीटल्सच्या एका गीताच्या चालीवर आधारलेले गीत दिले.

विघटन व वारसा : एप्स्टाइनचा १९६७ मध्ये मृत्यू झाल्यावर व्यवहार विस्कळीत झाले. १९६९ मध्ये त्यांच्या गीतांचे प्रकाशनहक्क असलेली कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली व स्वतःच्याच रचनांवरील नियंत्रण लेनन-मॅकार्टनींना गमवावे लागले. मतभेद वाढून एप्रिल १९७० मध्ये वृंद फुटल्याचे जाहीर झाले. लेननची १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे हत्या झाल्याने पुनर्मीलनाची आशा संपली. तथापि त्याच्या जुन्या घरगुती मुद्रणावरून संगणकाच्या साहाय्याने आवाज वेगळा काढून सिद्ध केलेले ‘नाऊ अँड देन’ हे गीत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले व इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

बीटल्सचे मूल्यमापन करताना त्यांच्या ऋणाकडे दुर्लक्ष करता येत नाही. रॉक संगीताचा पाया अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी घातला होता; त्यांतील अनेकांना बीटल्सच्या तुलनेने कीर्ती व धन अल्पच लाभले. बीटल्सनी स्वतः हे ऋण वारंवार मान्य केले आहे. त्यांची नवनिर्मितीही केवळ चौघांची नव्हती. मार्टिन व ध्वनिमुद्रणतंत्रज्ञ यांचाही तीत मोठा वाटा होता. असे असले, तरी या निरनिराळ्या प्रवाहांना एकत्र आणून, केवळ करमणूक मानल्या गेलेल्या संगीतप्रकाराला कलेची प्रतिष्ठा मिळवून देण्यात बीटल्सचा वाटा सर्वांत मोठा आहे. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना तीच ती यशस्वी रीत सोडून ते सतत नवे काही शोधीत राहिले. त्यांच्या प्रभावाच्या चिरस्थायित्वाचे मर्म यातच आहे.