आयएनएस जलाश्व: दोन देशांच्या नौदलांत अर्धशतक काढलेल्या जहाजाची गोष्ट

१० मे २०२० च्या सकाळी कोची बंदरात एक करडं, अवाढव्य जहाज लागलं. देशात लॉकडाऊन होता, विमानं बंद होती. जहाजावरून ६९८ भारतीय उतरले. त्यात १९ गरोदर महिला होत्या. मालदीवमध्ये अडकलेल्या या लोकांना दोन दिवसांच्या प्रवासानंतर भारताचा किनारा दिसला. ज्या जहाजानं त्यांना आणलं, ते मुळात शत्रूच्या किनाऱ्यावर सैनिक आणि रणगाडे उतरवण्यासाठी बांधलेलं होतं. शिवाय ते भारतात बांधलेलंही नव्हतं. त्याचं पहिलं नाव यूएसएस ट्रेंटन, आताचं नाव आयएनएस जलाश्व.

भारतीय नौदलानं अमेरिकेकडून घेतलेली ही एकमेव युद्धनौका आहे. संस्कृतात 'जलाश्व' म्हणजे पाण्यातला घोडा, म्हणजेच पाणघोडा. जहाजाचा बोजड आकार आणि पाणी-जमीन दोन्हीकडचा वावर पाहता नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागते.

हे जहाज नेमकं करतं काय?

सैन्य समुद्रमार्गे नेणं तुलनेनं सोपं, ते किनाऱ्यावर उतरवणं अवघड. जिथे बंदर नाही किंवा बंदर शत्रूच्या ताब्यात आहे, तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागूच शकत नाही, तळ वाळूत रुततो. त्यावरचा एक जुना उपाय म्हणजे सपाट तळाची जहाजं थेट पुळणीवर चढवायची आणि पुढचा दरवाजा उघडायचा. भारतीय नौदलाच्या मगर आणि शार्दूल वर्गातली जहाजं असंच करतात. पण सपाट तळाचं जहाज खुल्या समुद्रात हेलकावे फार खातं, आणि किनाऱ्यावर टेकलेलं जहाज म्हणजे आयतं लक्ष्य.

जलाश्वची रीत वेगळी आहे. या प्रकाराला 'लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक' म्हणतात. जहाजाच्या मागच्या भागात, पोटातच, सुमारे ५१ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अशी एक गोदी आहे. वेळ आली की बॅलास्ट टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी घेतलं जातं आणि जहाजाचा मागचा भाग मुद्दाम खाली बसवला जातो. मागचं दार उघडतं, गोदीत पाणी शिरतं आणि आत ठेवलेल्या उतरण-बोटी जागच्या जागी तरंगू लागतात. गाड्या आणि सैनिक घेऊन त्या किनाऱ्याकडे निघतात, मोठं जहाज मात्र खोल पाण्यात थांबतं. काम झालं की टाक्यांतलं पाणी बाहेर फेकायचं, मागचा भाग वर येतो, गोदी पुन्हा कोरडी. गोदीच्या वरच्या छतावर हेलिकॉप्टरं उतरतात.

अशा जहाजाला सरसकट 'उभयचर हल्ला नौका' म्हटलं जातं. काटेकोरपणे पाहिलं तर ते नाव अमेरिकी नौदल विमानवाहू नौकेसारख्या दिसणाऱ्या, अखंड डेकच्या मोठ्या जहाजांसाठी वापरतं. जलाश्व त्यांची धाकटी बहीण. तरी धाकटी म्हणजे सुमारे १७३ मीटर लांब, पूर्ण भारासह साधारण १७ हजार टनांची, आणि जवळपास हजार सैनिक सामावून घेणारी.

ट्रेंटनची ३६ वर्षं

जहाजाची बांधणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएटल इथे, लॉकहीडच्या गोदीत झाली. ऑगस्ट १९६८ मध्ये ते पाण्यात उतरलं आणि ६ मार्च १९७१ रोजी नौदलात दाखल झालं. नाव न्यू जर्सीतल्या ट्रेंटन शहरावरून. ऑस्टिन वर्गातल्या बारा जहाजांपैकी हे शेवटून दुसरं.

१९७१ हे साल भारतीय वाचकाला वेगळ्याच कारणानं आठवतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, बांगलादेश युद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेनं 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका आणि तिच्यासोबत 'ट्रिपोली' ही उभयचर हल्ला नौका असा ताफा बंगालच्या उपसागराकडे पाठवला होता. ट्रेंटन त्या ताफ्यात नव्हती, ती अटलांटिक ताफ्याची. पण त्याच वर्षी अमेरिकी नौदलात आलेलं जहाज पुढे भारताच्या पूर्व नौदल कमांडमध्ये, त्याच बंगालच्या उपसागरात नोकरीला येईल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

ट्रेंटनच्या अमेरिकी कारकिर्दीतली बरीच वर्षं नॉरफोकहून भूमध्य समुद्रात जाणं-येणं, सराव आणि दुरुस्ती यांत गेली. दोन प्रसंग मात्र सांगण्यासारखे आहेत.

पहिला एप्रिल १९८८ चा. इराण-इराक युद्धात पर्शियन आखातात पेरलेल्या एका सुरुंगानं 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' ही अमेरिकी फ्रिगेट जवळजवळ बुडवली. चारच दिवसांनी, १८ एप्रिलला, अमेरिकेनं 'ऑपरेशन प्रेइंग मँटिस' सुरू केलं. ट्रेंटन ज्या गटात होती त्याच्याकडे सासान हा इराणी तेल-मंच होता. इराण तिथून जहाजांवर पाळत ठेवतो, असं अमेरिकेचं म्हणणं होतं. आधी तोफांचा मारा झाला, मग मरीन सैनिक हेलिकॉप्टरमधून दोरांवरून मंचावर उतरले आणि स्फोटकं लावून तो उडवला. त्या दिवशी ट्रेंटनवरचं एक कोब्रा हेलिकॉप्टर परतलं नाही. त्यातले दोघेही वैमानिक मरण पावले.

दुसरा प्रसंग जानेवारी १९९१ चा. कुवेतच्या युद्धाची तयारी सुरू होती, जगाचं लक्ष तिकडे होतं. तेव्हाच सोमालियाची राजधानी मोगादिशू कोसळत होती. बंडखोर शहरात शिरले होते आणि अमेरिकी वकिलातीच्या आवारात वेगवेगळ्या देशांचे लोक आश्रयाला आले होते. ओमानजवळ असलेल्या 'ग्वाम' आणि 'ट्रेंटन' या दोन जहाजांना तिकडे वळवण्यात आलं. अंतर प्रचंड आणि हाताशी वेळ नाही. शेवटी ५ जानेवारीच्या पहाटे, जहाजं अजून ४६६ सागरी मैल, म्हणजे सुमारे ८६० किलोमीटर दूर असतानाच, ट्रेंटनच्या डेकवरून दोन सुपर स्टॅलियन हेलिकॉप्टरं साठेक सैनिक घेऊन उडाली. वाटेत, अंधारात, हवेतच इंधन भरत त्यांनी मोगादिशू गाठलं.

त्यातला एक तपशील अंगावर काटा आणणारा आहे. मोहिमेचा पहिला आराखडा जुन्या नकाशावर बेतलेला होता. त्या नकाशात वकिलात समुद्राजवळ होती, प्रत्यक्षात ती केव्हाच शहरात आत, नव्या आवारात हलली होती. हे वेळेत ध्यानात आलं म्हणून बरं. हेलिकॉप्टरं पोचली तेव्हा वकिलातीच्या भिंतीशी शिड्या लावलेले लोक दिसत होते. सैनिकांना उतरवून आणि ६१ जणांना घेऊन ती माघारी फिरली, उरलेल्यांना त्या रात्री ग्वामवरच्या हेलिकॉप्टरांनी नेलं. तीस देशांच्या २८१ लोकांची सुटका झाली. त्यात सोव्हिएत राजदूतही होते. मस्कतला जाताना ग्वामवर एक बाळ जन्मलं, त्यामुळे आकडा २८२ वर गेला.

२००६ च्या उन्हाळ्यात लेबनॉनमधून अमेरिकी नागरिकांना बाहेर काढणाऱ्या जहाजांतही ट्रेंटन होती. बांधणी चढाईसाठी, आठवण मात्र सुटकेसाठी, हा क्रम या जहाजाच्या नशिबात तेव्हाच लिहिला गेला होता.

भारतानं ते का घेतलं?

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी हे त्यामागचं मोठं कारण. अंदमान-निकोबार, श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया असं सगळीकडे भारतीय नौदल धावलं. धक्के आणि बंदरं उद्ध्वस्त झालेल्या बेटांवर जड सामान, वाहनं आणि वैद्यकीय पथकं उतरवायची कशी, हा प्रश्न मात्र ठायी ठायी आडवा आला. अंदमानसारखी दूरची बेटं सांभाळणाऱ्या देशाकडे असं एकही जहाज नव्हतं. त्याच सुमारास अमेरिका ऑस्टिन वर्गातली जहाजं निवृत्त करू लागली होती.

व्यवहार ठरला. जहाजासाठी सुमारे ४.८ कोटी डॉलर, आणि सोबत सहा सी किंग हेलिकॉप्टरांसाठी सुमारे ३.९ कोटी डॉलर. १७ जानेवारी २००७ रोजी नॉरफोकमध्ये ट्रेंटनवरचा अमेरिकी झेंडा उतरला आणि जहाज भारताच्या ताब्यात आलं. डागडुजीनंतर २२ जून २००७ ला ते 'जलाश्व' म्हणून भारतीय नौदलात दाखल झालं. हा समारंभही नॉरफोकलाच झाला. तिथून ते विशाखापट्टणमला आलं. तेव्हा त्याचं वय ३६ होतं. युद्धनौकेच्या हिशेबात हे निवृत्तीचं वय.

स्वस्तात मिळालेल्या जुन्या वस्तूची किंमत नंतर कळते, हे घर चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. इथे ती लवकर आणि फार वाईट रीतीनं कळली.

फेब्रुवारी २००८

दाखल होऊन आठ महिनेही झाले नव्हते. फेब्रुवारी २००८ च्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरात असताना जहाजाच्या आत हायड्रोजन सल्फाइड वायू पसरला. किमान पाच जणांचा त्यात जीव गेला, आणखी काही जणांना रुग्णालयात हलवावं लागलं.

हा वायू कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा. गटारात, मैल्याच्या टाकीत उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूच्या बातम्यांत त्याचं नाव अनेकदा येतं. सेंद्रिय घाण बंद जागेत, हवेविना साचली की तो तयार होतो. त्याचा खरा घात पुढे आहे. प्रमाण वाढलं की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. माणसाला वाटतं वास गेला, धोका टळला, आणि काही श्वासांत शुद्ध हरपते. मदतीला आत धावलेला माणूसही तसाच पडतो. जहाजाच्या पोटातले अरुंद, बंदिस्त कप्पे यासाठी सगळ्यात धोक्याचे.

त्याच वर्षी भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी या खरेदीवर कोरडे ओढले. जहाजाच्या अवस्थेची नीट प्रत्यक्ष पाहणी न करता घाईनं ते घेतलं. खुद्द अमेरिकी नौदलानं ते आधुनिकीकरणाच्या लायकीचं मानलं नव्हतं, असं अहवालात म्हटलं होतं. आणखी एक मुद्दा अपघाताशी संबंधित नव्हता, पण कदाचित जास्त टोचणारा होता. करारातल्या अटींनुसार जहाजाच्या आक्रमक वापरावर बंधन होतं, आणि दिलेल्या सामग्रीची तपासणी करण्याचा हक्क अमेरिकेनं राखून ठेवला होता. हल्ला करण्यासाठी बांधलेलं जहाज घ्यायचं, पण हल्ला करायचा नाही, यावर त्या काळी भरपूर टीका झाली, आणि ती रास्तच होती. दुसरी बाजूही खरी होती. एवढं जहाज नव्यानं बांधायला कित्येक पट खर्च आला असता आणि वर्षानुवर्षं गेली असती. गरज तर समोर उभी होती.

मग उपयोग काय झाला?

२०११ मध्ये लिबियात यादवी पेटली तेव्हा जलाश्व आणि 'म्हैसूर' ही विनाशिका मुंबईहून रवाना झाल्या. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे 'टायगर ट्रायंफ' हा भारत-अमेरिका संयुक्त सराव झाला. त्यात जलाश्व एका अमेरिकी उभयचर जहाजाच्या बरोबरीनं उभी होती. जुन्या मालकाशी अशी गाठ क्वचितच पडते.

खरा कस लागला तो २०२० मध्ये. मालदीवची पहिली फेरी झाल्यावर आठवड्याभरात दुसरी, तीत ५८८ जण. मग कोलंबो, पुन्हा माले, आणि जूनच्या अखेरीस इराणमधलं बंदर अब्बास. तिथून आणलेल्या ६८७ जणांमध्ये तमिळनाडूचे मच्छीमार मोठ्या संख्येनं होते. १ जुलैला ते तुतीकोरिनला उतरले. 'समुद्र सेतू' नावाच्या या मोहिमेत एकूण ३,९९२ लोक परत आले. त्यातल्या तीन हजारांहून अधिक जणांना एकट्या जलाश्वनं आणलं. हजार सैनिकांसाठी बांधलेल्या झोपण्याच्या जागा, मोठं स्वयंपाकघर आणि दवाखाना अशा वेळी जसाच्या तसा कामी येतो. फरक इतकाच की साथीच्या काळात माणसांमध्ये अंतर ठेवायचं असल्यानं जागा पूर्ण भरता येत नव्हती.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत देश ऑक्सिजनसाठी तडफडत असताना, ब्रुनेई आणि सिंगापूरहून १८ क्रायोजेनिक टाक्या आणि ३,६५० सिलिंडर घेऊन जलाश्व मे २०२१ मध्ये विशाखापट्टणमला परतली. एरवी रणगाडे ठेवायच्या जागेत तेव्हा ऑक्सिजनच्या टाक्या होत्या.

आता कुठे आहे?

ऑस्टिन वर्गातली बाकीची जहाजं एकेक करून गेली. सगळ्यात शेवटी बांधलेली सख्खी बहीण 'पोन्स' हिला म्हातारपणी अनपेक्षित प्रसिद्धी मिळाली. २०१४ मध्ये तिच्यावर अमेरिकी नौदलानं लेझर शस्त्र बसवून पाहिलं. पण २०१७ मध्ये तीही निवृत्त झाली. जलाश्वसोबत आलेल्या सी किंग हेलिकॉप्टरांनी जून २०२४ मध्ये निरोप घेतला.

जलाश्वची इंजिनं आजही वाफेवर चालतात. बॉयलर पेटवून दाब तयार व्हायला वेळ लागतो, आणि हे तंत्र हाताळणारे कारागीर दरवर्षी कमी होत जातात. अशी चार जहाजं भारतातच बांधण्याची योजना नौदलानं दशकभरापूर्वीच मांडली होती. निविदा निघाली, रखडली, २०२० मध्ये रद्द झाली. २०२१ मध्ये पुन्हा नव्यानं माहिती मागवण्यात आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं गरज मान्य केली. गरज मान्य होणं आणि जहाज पाण्यात उतरणं यांत कितीतरी वर्षांचं अंतर असतं. तोवर हे काम करायला भारतीय नौदलाकडे या प्रकारचं एकच जहाज आहे, आणि ते १९७१ सालचं आहे.