१२.२ टक्क्यांची कुळकथा

सरकारी नोकरीच्या मुलाखतीला किती गुण असावेत, हा वाद निघाला की १२.२ टक्के हा आकडा हमखास पुढे येतो. कोणी संशोधनाअंती काढला असावा, असा त्याचा रुबाब. प्रत्यक्षात तो एका भागाकाराचं उत्तर आहे.

स्वातंत्र्यानंतर आयएएसच्या मुलाखतीला ३०० गुण होते. १९५० सालचे अच्युतानंद दास हे या सेवेतले पहिले अनुसूचित जातीचे अधिकारी. लेखी परीक्षेत ते मद्रासच्या एन. कृष्णन यांच्या किंचित पुढे होते. मुलाखतीत कृष्णन यांना २६० गुण मिळाले, दासांना ११०. महिनोन्महिने घासून मिळवलेली आघाडी बंद खोलीत अशी संपायची, आणि का संपली हे विचारायची सोय नव्हती.

खरा तंटा पेटला तो हरियाणात. तिथल्या राज्यसेवेला लेखी ७०० आणि मुलाखत २०० गुणांची. माजी सैनिकांना तर लेखी ४०० आणि मुलाखत तेवढीच, २००. लेखीत ४५ टक्के मिळवणाऱ्या प्रत्येकाला बोलावणं गेलं, म्हणजे तेराशेहून अधिक उमेदवार. निवड झालेल्यांत आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईकही निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १९८५ साली न्या. भगवतींनी झालेल्या निवडी मोडल्या नाहीत, पण पुढच्यासाठी दंडक घातले: जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवार बोलवा, नातेवाईक समोर आला तर सदस्याने उठून जावं, त्याच्या गुणवत्तेच्या चर्चेतही भाग घेऊ नये.

आणि गुण? न्यायालयाने केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे पाहिलं. तिथे तेव्हा लेखी १८००, मुलाखत २५०. २५० भागिले २०५०, म्हणजे १२.२ टक्के. सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचा वाटा याहून जास्त नको, असं ठरलं. माझ्या मते आकड्यापेक्षा नातेवाइकांचा दंडक जास्त मोलाचा. पण आकडा पाठ करायला सोपा, म्हणून तोच गाजला.

गंमत म्हणजे ज्याच्याकडून हे माप उचललं, त्या आयोगानेच ते पुढे ओलांडलं. १९९३ पासून लेखी २००० आणि मुलाखत ३००, म्हणजे १३ टक्के. २०१३ पासून लेखी १७५० आणि मुलाखत २७५, म्हणजे जवळपास १३.६. आपल्या एमपीएससीनेही राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक परीक्षेला हेच १७५० आणि २७५ घेतले आहेत. आधीच्या ८०० आणि १०० च्या हिशेबात मुलाखतीचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास होता.