खेळांचें दुकान आणि स्वस्ताई

लातूरच्या गंजगोलाईंत उभें राहून जो चहूंकडे पाहील, त्याला व्यापाराचा एक जुना नियम कोणीं न सांगतां कळेल. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातुरास आली आणि १९१७ सालीं नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावरून ही वर्तुळाकार दुमजली इमारत उभी राहिली. मध्यें अंबाबाईचें देऊळ आणि भोंवतीं सोळा रस्ते. कोठें सराफ, कोठें जोडे-चपला, कोठें मिरची व गूळ, अशी ज्याची त्याची पेठ. नवख्याला ही रचना पायपिटीची वाटते. परंतु तींत एक मेख आहे. सराफाची चढाओढ सराफाशीं आणि गूळवाल्याची गूळवाल्याशीं. भाव पाडणारा माणूस त्याच मालावर पोट भरणारा असतो. म्हणून भाव किती पाडावा याला त्याच्या पोटाचीच मर्यादा असते.

या सोळांपैकीं एखादा रस्ता सोंगट्या-पत्त्यांच्या नांवानें ओळखला जातो, असें मात्र आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. खेळाचा माल इतका थोडका, कीं त्यावर रस्ता वसत नाहीं; वसलेंच तर एखादें दुकान वसतें. अशा दुकानांविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. त्यास निमित्त आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट झाली. ती पुढें सांगूं.

खेळाचें साधन एके काळीं कसबी माणसाच्या हातचें असे. गंजिफेचेंच पाहा. १५२७ सालीं बाबरानें सिंधच्या शाह हसन अर्घुनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. अकबराच्या बारा रंगी गंजिफेचें वर्णन अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ त केलें. पुढें आठ रंगांचा व ९६ पानांचा मोगली डाव रूढ झाला आणि आपल्याकडे दशावतारी डाव निघाला : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानें, मिळून १२०. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवावयाचे, गोल पानें कापावयाचीं, रंगवावयाचीं आणि वर लाखेचा हात द्यावयाचा. श्रीमंतांसाठीं हस्तिदंती डाव, इतरांसाठीं साधा बाजारी.

हें काम आमच्या मुलखापासून दूर नव्हतें. नांदेडहून भोकर-भैंशावरून निर्मळ गांठतां येतें. तेथील नक्काश लाकडी खेळण्यांबरोबर गंजिफाही रंगवीत. सावंतवाडीच्या चितारी मंडळींच्या हातीं ही कला आली तीही तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकीर्दींत तेलंगणांतून आलेल्या विद्वानांमुळें, अशी तेथील परंपरा सांगते.

डाव तिघांनीं खेळावयाचा, प्रत्येकास चाळीस पानें. हुकूम म्हणून कांहीं नाहीं. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातांत त्याची उतारी. दिवेलागणीनंतर कृष्णाचा राजा ज्याच्या हातांत त्याची. निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का मोठा. गेलेलें प्रत्येक पान ध्यानांत ठेवल्यावांचून येथें निभाव लागत नाहीं. असा खेळ पानांवरील चित्रें पाहून येत नाहीं. तो कोणाच्या तरी शेजारीं महिनोन्‌महिने बसून शिकावा लागतो.

१८३१ सालीं लंडनच्या टॉमस द ला रू यानें पत्ते छापण्याचें पेटंट मिळविलें. हाताच्या कुंचल्यापुढें यंत्र उभें राहिलें; चार रंगांचा, ५२ पानांचा डाव अल्प मोलानें मिळूं लागला. निजामी राज्यांत परमुलखाच्या मालास करोडगिरीच्या नाक्यावर जकात पडे, आणि कंपनीशीं झालेल्या १८०२ च्या व्यापारी तहानें ती शेंकडा पांच ठरली होती. पण शेंकडा पांचाच्या जकातीनें यंत्राचा माल अडविणें म्हणजे चाळणीनें गोदेचा पूर अडविणें. १९०० च्या सुमारास मनमाडचा लोहमार्ग नांदेडावरून गेला आणि मुंबईच्या वखारी जवळ आल्या.

येथें कोणी म्हणेल, बरें झालें. महाग वस्तु गेली आणि स्वस्त आली, त्यांत रडण्यासारखें काय? आम्हांसही तें पुष्कळसें मान्य आहे. ज्याला रंगविलेला डाव जन्मांत घेतां आला नसता, त्याच्या ओसरीवर पत्ते आले, आणि पावसाळ्याच्या दुपारीं चार घरांचीं मुलें एकत्र बसूं लागलीं. महागाईचें कौतुक करणारे बहुधा स्वतः वस्तु विकत घेत नसतात. त्यांना ती वाडवडिलांकडून मिळालेली असते. परंतु स्वस्त पत्त्यांनीं चितारीचा धंदा बुडविला एवढ्यावर तें थांबलें नाहीं. पानें घरांत येईनाशीं झालीं तसे शिकविणारेही घटले, आणि शिकविणारे घटले तसा डावच विसरला. १९७० नंतरच्या दशकांत सावंतवाडीचे शिवरामराजे व राणी सत्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांत कारागीर बसवून गंजिफा पुन्हां रंगविण्यास आरंभ केला, तेव्हां तें काम जाणणारे जवळजवळ उरले नव्हते. आज तो डाव विकत मिळतो. एका परिचितांच्या दिवाणखान्यांत तो कांचेच्या चौकटींत लावलेला पाहून आम्हीं सहज विचारलें, “उतारी कोणाची?” त्यांना प्रश्नच कळला नाहीं.

आतां आमची गोष्ट. नांदेडांत वजिराबादेच्या एका बोळांत खेळांच्या सामानाचें एक लहानसें दुकान होतें. कॅरमचे फळे, सोंगट्या, बुद्धिबळें, व्यापाराचा डाव आणि अलीकडे परदेशी पटांच्या चार-दोन पेट्या. दुकानाबाहेर एक बांकडें आणि त्यावर सदैव मांडलेला बुद्धिबळाचा पट. मालक साठीचे. गिऱ्हाईक नसलें कीं ते कोणासही समोर बसवीत. आमचा मुलगा तेथें घोड्याची चाल शिकला आणि पुढें घड्याळ लावून खेळावयासही शिकला. मग त्याला स्वतःचें घड्याळ हवें झालें. दुकानांत तें होतें. आम्हीं तें हातांत घेऊन पाहिलें, किंमत विचारली, “उद्यां येतों” म्हणालों, आणि घरीं येऊन तेंच घड्याळ मोबाइलवर तिनशें रुपयांनीं स्वस्त मागविलें.

हा लबाडीचा प्रकार आमच्या एकट्याचा नव्हे. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेल्सर यांनीं १९६० सालींच लिहून ठेविलें आहे कीं, एक दुकानदार माल दाखवितो, समजावून देतो, आणि दुसरा यांतलें कांहीं न करतां तोच माल कमी भावानें विकतो. मग पहिल्यानें समजावून द्यावें तरी कां? अमेरिकेंतील खेळांच्या दुकानांतून मेजें मांडलेलीं असतात, लोक तेथें संध्याकाळभर खेळतात, आणि तेथेंही हेंच रडगाणें ऐकूं येतें. आपल्याकडे १९९० पासून वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. त्याहून अधिक घेण्यास कायद्याची मनाई आहे, कमी घेण्यास नाहीं. त्यामुळें तो छापील आंकडा खोडून दाखविणें हीच एक जाहिरात झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पत्ते, बुद्धिबळ, कॅरम यांवरील कर शेंकडा बारावरून पांचावर आला. करोडगिरीच्या त्याच पांचाची आठवण होऊन आम्हांस हंसूं आलें. कर उतरला तो दोघांनाही सारखाच. अंतर होतें तेवढेंच राहिलें.

कारण हें अंतर कराचें नाहीं. गोलाईंतला गूळवाला गुळांत तोटा खाऊन फार दिवस टिकणार नाहीं, हें त्याच्या शेजाऱ्यालाही ठाऊक असतें. तेल, साबण, कपडे आणि मोबाइल विकणाऱ्या थोर दुकानाला बुद्धिबळाच्या घड्याळांत तोटा आला तरी तो जाणवतही नाहीं. तो तेलांतून भरून निघतो. एकाच मालावर जगणाऱ्याशीं ही बरोबरीची चढाओढ नव्हे. मालकांजवळ भरपाई करावयास तेल नव्हतें. होतें तें बांकडें, आणि बांकड्याची किंमत कोणत्याही वेष्टनावर छापलेली नसते.

त्या दुकानांत आतां मोबाइलचीं कवचें मिळतात. गेल्या दिवाळींत मालक आम्हांस भाजीबाजारांत भेटले. आम्ही नजर चुकविण्याच्या बेतांत होतों, पण त्यांनींच हांक मारली, मुलाची चौकशी केली आणि विचारलें, “साहेब, घड्याळ बरोबर चालतंय ना? त्या कंपनीचं डाव्या बाजूचं बटण लवकर अडकतं. अडकलं तर घेऊन या, दोन मिनिटांचं काम आहे.”

बटण अडकलें होतेंच.